अंबूबाई रोड

मनीषाला एक खोड होती. रस्त्यानं जाताना इंग्रजी पाट्या वाचायच्या आणि त्यांतल्या चुका काढायच्या. नवऱ्याच्या, ज्ञानेशच्या, स्कूटरवर मागं बसून नाशिकच्या शालिमारहून निघाली की मखमलाबादला घरी पोचेपर्यंत तिची तपासणी चालू. कुणी गंगापूर रोड लिहिताना रोडचा आर लहान काढलाय, तर कुणी 'रस्त्यालगत प्लॉट' एवढंच सांगायचं असताना उगीच मोठा आर ठोकलाय. "अहो, बघा ना, नुसता रस्ता आहे हा. याला कशाला कॅपिटल?" ती मागून म्हणायची. ज्ञानेश गिअर बदलत म्हणायचा, "मॅडम, आज रविवार आहे. पाट्यांना तरी पास करा."

नियम तिला फार सोपा वाटायचा, आणि पोरांना तो का जमत नाही याचं दर वर्षी नव्यानं नवल वाटायचं. कुठलाही रस्ता असेल तर लहान आर. रस्त्याला नाव असेल आणि 'रोड' हा शब्द त्या नावातच आला असेल तर मोठा आर. सातवीच्या वर्गात ती फळ्यावर दोन्ही तऱ्हेची वाक्यं लिहायची आणि सांगायची, "नाव दिलं की मान द्यायचा. तिथं हात आखडायचा नाही." हे वाक्य तिचं स्वतःचं होतं आणि तिला ते भारी आवडायचं. पुढं ते चांगलंच महागात पडलं.

ती मूळची नाशिकरोडची, वडील नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. लग्न होऊन शहाण्णव साली ती मळ्यात आली तेव्हा तिच्या मैत्रिणींनी तोंडं वाकडी केली होती. इंग्रजीत बी. ए. झालेली मुलगी आणि फुलं तोडायला जाणार! पण सासूबाई, अंबूबाई, अजब बाई होती. स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती, तरी सुनेला नोकरी लागल्याचं कळल्यावर म्हणाली, "जा तू. भाकरी मी टाकीन. फक्त पहिला पगार झाला की मला तुझी शाळा दाखव." मनीषानं तिला शाळेत नेलं तेव्हा ती वर्गातल्या बाकावर हात फिरवत बराच वेळ बसून राहिली होती. तिच्याबद्दल मनीषाला माया होती, आईइतकीच.

मळ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत एक वाट होती. ती अंबूबाईची. नवी नवरी होऊन आली तेव्हा तिथं नुसता बांध होता आणि त्यावर काटेरी झुडपं. डोक्यावर फुलांची टोपली घेऊन ती रोज झुंजुमुंजू व्हायच्या आत बाजाराला निघायची, आणि येताना रिकाम्या टोपलीत मुरूम भरून आणायची. पावसाळा संपला की खड्डे बुजवायची, दगड वेचून बाजूला टाकायची. वर्षांमागून वर्षं गेली आणि त्या बांधावरून बैलगाडी जाऊ लागली. एका अंगाला गुलाब, दुसऱ्या अंगाला झेंडू आणि शेवंती, वळणावर तिनंच लावलेलं जांभूळ. घरात कुणी त्याला नाव दिलेलं नव्हतं. "रस्त्यात पोरं आहेत का बघ," असंच सगळे म्हणायचे. मनीषाच्या भाषेत सांगायचं तर लहान आरचा रस्ता.

नव्याण्णव साली अंबूबाई गेली. मळेकऱ्यांची रीत असते तसा तिला मळ्यातच अग्नी दिला, आणि जांभळाखाली, अगदी वाटेच्या कडेला, ओटा बांधून वर तुळस लावली. सासरे सावळीराम, ज्यांना सगळे नाना म्हणायचे, रोज दिवस मावळताना त्या ओट्यावर जाऊन बसत आणि बायकोला त्या दिवशीचा फुलांचा भाव सांगत. "आज गुलाब पडला गं. झेंडूनं राखली." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मनीषाला रडू फुटलं होतं. नंतर तिला ते घरातल्या घड्याळासारखं झालं. नानांचा आवाज आला की ती चुलीवर चहा ठेवायची.

कुंदन आला तो त्यानंतर दोन वर्षांनी, दसऱ्याच्या आसपास. त्याच शिवारातला पोरगा, पण आता पांढरा शर्ट, खिशाला मोबाइल, जमिनींचे व्यवहार जुळवून द्यायचा धंदा. येताना पेढे घेऊन आला आणि आधी ओट्यापाशी जाऊन चपला काढून डोकं टेकवून आला. नाना तिथंच अर्धे विरघळले.

"नाना, लहानपणी शाळेतनं येताना मावशीनं मला किती वेळा खायला घातलंय," तो म्हणाला. "माझ्या मनात एक आहे. या रस्त्याला मावशीचं नाव द्यायचं. पाटी मी करून देतो, तुम्ही काही बघायचं नाही. मराठीत आणि इंग्रजीत. इंग्रजीचं वहिनींनी सांगायचं, आपल्याला त्यातलं कळत नाही."

त्यानं खिशातून पेंटरनं करून दिलेला नमुना काढला. वर 'मातोश्री अंबूबाई मार्ग' आणि खाली इंग्रजीत 'अंबूबाई रोड'. इंग्रजीत सगळी अक्षरं लहान. मनीषाच्या हातात चहाचा ट्रे होता, तो तिनं तसाच खाली ठेवला.

"असं चालणार नाही. अंबूबाईचा ए मोठा आणि रोडचा आरसुद्धा मोठा."

"आर कशापायी?" नानांनी विचारलं.

"नाना, आतापर्यंत हा नुसता रस्ता होता. आपण आपल्यातच म्हणायचो, रस्त्यानं ये, रस्त्यानं जा. तेव्हा लहान आर बरोबर. आता नाव लागलं की तो एकच. पत्रावर लिहा, नकाशावर लिहा, कुणीही परका माणूस विचारत आला तरी तोच रस्ता. म्हणून मोठं अक्षर."

"परका माणूस बी विचारत यील?" नानांचे डोळे चमकले. "अंबूबाई रोड कुठं हाय म्हणून?"

"येईल की."

कुंदन चहाची बशी तोंडाशी नेता नेता थांबला होता. तो कान देऊन ऐकत होता, मनीषाच्या वर्गातलं एकही पोर ऐकत नसेल इतकं. मग हसला आणि म्हणाला, "वहिनी, एकदम बरोबर बोललात. नकाशावर, पत्त्यावर, सगळीकडं. मोठंच अक्षर घालू." त्याच्या त्या हसण्यात काहीतरी होतं. मनीषाला ते दिसलं, पण आपला नियम कुणाला तरी पटला याचा आनंद मोठा होता. मास्तरणीला शहाणा विद्यार्थी भेटला की तिचं असंच होतं.

पाटी झोकात लागली. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी, दोन लोखंडी पाइपांवर, निळा पत्रा आणि पांढरी अक्षरं. नगरसेवक आले, नानांनी नारळ फोडला, मनीषानं ताट धरून हळदकुंकू वाहिलं. कुंदननं फोटोवाला आणला होता. दोन दिवसांनी फोटो पेपरात आला आणि तो नानांनी देवघराशेजारी चिकटवला. ज्ञानेश सातपूरच्या कंपनीत पाळीला जायचा, त्याला वाटलं, आता डांबर पडेल आणि पावसात गाडी घसरायची थांबेल. घरात सगळे खूश होते. एक भागुबाई सोडून.

भागुबाई शेजारच्या मळ्यातली, अंबूबाईची जिवाभावाची. ती पाटी बघायला आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि कुणाचं कौतुक न करता परत गेली. पुढच्या आठवड्यात ती भाजी निवडत असलेल्या मनीषाजवळ येऊन बसली.

"बाई, तुला म्हणून सांगते. माझ्या भावाचं घोटीकडं असंच झालं. आधी पाटी आली. मंग लाइटीचा खांब. मंग टेप घेऊन माणसं. मंग रोलर. भाऊ म्हणायचा, लोक किती चांगले, आजोबाचं नाव दिलं. आता तो दुसऱ्याच्या शेतावर रोजानं जातो."

"अहो, पण आपली खासगी वाट आहे ही."

"व्हती," भागुबाई म्हणाली आणि तिनं मेथीची जुडी उचलली.

मनीषानं ते हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी तिला जाग आली ती कुदळीच्या आवाजानं. बाहेर माणसं विजेच्या खांबासाठी खड्डा खणत होती. अर्ज कुणी केला, विचारलं तर कुणाला माहीत नव्हतं. खांब उभा राहिला आणि त्या संध्याकाळी ओट्यावर पिवळा उजेड पडला. नाना म्हणाले, "बघ, तिला अंधाराची भीती वाटायची." मनीषानं मनात मोजलं: पाटी झाली, खांब झाला.

त्यानंतर अनोळखी गाड्या यायला लागल्या. मळ्यापर्यंत यायच्या, थोडं थांबायच्या, आतली माणसं काचा खाली करून मळ्यामागच्या टेकडीकडं बोट दाखवायची आणि गाडी वळून जायची. टेकडीच्या पायथ्याची पडीक जमीन कुंदनच्या लोकांनी कधीच घेऊन ठेवली होती. तिथं जायला रस्ता नव्हता, म्हणून ती कवडीमोलानं मिळाली होती. सार्वजनिक रस्ता असल्याशिवाय तिथं बंगले बांधायला परवानगी मिळणार नव्हती, आणि मोठ्या रस्त्यावरून टेकडीच्या दिशेनं जाणारी एकच वाट होती, अंबूबाईची.

हे सगळं मनीषाला कळलं ते पेठ नाक्यावर. शाळेतून येताना रिक्षा सिग्नलला थांबली आणि समोर नवं होर्डिंग दिसलं. हिरवीगार झाडं, टेकडीच्या पायथ्याशी लाल कौलांचे बंगले, संपर्कासाठी कुंदनचं नाव, आणि खाली इंग्रजीत पत्ता: अंबूबाई रोडला लागून. सवयीनं तिची नजर आधी अक्षरांवर गेली. ए मोठा. आर मोठा. एकही चूक नव्हती. रिक्षावाला म्हणाला, "ताई, कुठं उतरायचं?" तर तिला आपल्या घराचा पत्ता सांगवेना.

रविवारी दुपारी ज्ञानेश पाळीवर होता. मनीषानं गोठ्यातली पहार उचलली आणि ती वाटेनं पाटीपर्यंत गेली. पाइपाच्या बुडाशी सिमेंट होतं, पण कच्चं. चार घाव घातले तर ढपला निघाला. पाचव्या घावाला मागून आवाज आला.

"काय करतीस गं?"

नाना दुपारच्या झोपेतून उठून आले होते. अनवाणी, डोक्यावर टोपी नाही.

"नाना, ही पाटी काढायला पाहिजे. मोजणी व्हायच्या आत. ही इथं आहे तोवर रस्ता आपला नाही, सगळ्यांचा आहे. कुंदनला टेकडीवर जायला रस्ता हवा होता, नाव द्यायचं नुसतं निमित्त. आपण आपल्या हातानं दिला त्याला."

नाना पुढं आले. त्यांना इंग्रजी सोडाच, मराठी अक्षरंही धड लागत नव्हती, पण अंबूबाईचं नाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं ते त्यांना पाठ झालं होतं. त्यांनी तिथं तळवा ठेवला. पत्रा उन्हानं तापलेला होता, तरी हात काढला नाही.

"जन्मभर राबली ती. सातबाऱ्यावर तिचं नाव नाय. बाजारात सावळीरामचा गुलाब म्हणायचे, तिचं नाव कोण घेत नव्हतं. मेल्यावर एकदा कुठं नाव लागलं. ते मी उपटू व्हय?"

"नाना, ओटा जाईल. मळा जाईल."

"ओट्याला कोण हात लावंल? तिच्याच नावाचा रस्ता हाय. तिच्याच अंगावरून नेतील व्हय?" त्यांनी तिच्या हातातली पहार हळूच काढून घेतली, रागानं नाही. "चल पोरी. ऊन लय झालंय."

खरं तर ती पुन्हा जाऊ शकली असती. नाना बाजाराला गेल्यावर, भावकीत कुठं लग्नाला गेल्यावर. गेली नाही. एक तर त्या म्हाताऱ्याचा पत्र्यावर ठेवलेला हात तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आणि दुसरं म्हणजे तिलाही ती पाटी प्रिय होती. शाळेतून दमून येताना ती वळणावर सासूचं नाव वाचायची आणि तिला कुणीतरी दारात वाट बघत असल्यागत वाटायचं. निघालेला सिमेंटचा ढपला ज्ञानेशनं पुन्हा लिंपून टाकला. काय झालं, असं त्यानं विचारलं नाही.

टेप घेऊन माणसं आली तेव्हा शेवंतीला कळ्या धरल्या होत्या. त्यांनी जांभळाच्या बुंध्यावर लाल रंगाचा पट्टा ओढला. मग फक्कीची पांढरी रेघ मारत मारत एक जण वळणापर्यंत आला आणि थबकला.

"हे कसलं बांधकाम?"

"माझ्या सासूबाईंचा ओटा आहे," मनीषा म्हणाली.

त्यानं पाटीच्या दिशेनं पाहिलं, मग ओट्याकडं. "या त्याच का?"

"त्याच."

त्या माणसाला वाईट वाटलं असावं, कारण त्यानं टोपी काढली. पण रेघ त्यानं वळवली नाही. ती ओट्याच्या एका कडेनं चढली आणि दुसऱ्या कडेनं उतरली. तुळशीच्या पानांवर फक्की उडाली होती. नानांनी ती धोतराच्या सोग्यानं एकेक पान धरून पुसली, आणि हे बघत उभं राहणं मनीषाला इतकं असह्य झालं की ती घरात जाऊन दार लावून बसली.

ज्ञानेशनं हरकत घेतली आणि महापालिकेत सुनावणी झाली. साहेब काही वाईट माणूस नव्हता. त्यानं त्यांना बसवलं, पाणी दिलं, ज्ञानेशचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. मग टेबलावरून पेपरातला तो फोटो पुढं सरकवला. त्यात नारळ हातात घेतलेले नाना हसत होते. शेजारी ताट धरून मनीषा. मागं निळा पत्रा, पांढरी अक्षरं अगदी स्वच्छ वाचता येत होती.

"खासगी वाट होती म्हणता ना? मग स्वतःच्या शेतातल्या वाटेला असं नाव देऊन, पुढाऱ्याला बोलावून, कुणी पाटी लावतं का? मार्ग लिहिलंय, रोड लिहिलंय. म्हणजे रस्ता सगळ्यांसाठी खुला आहे हे तुम्हीच जाहीर केलंत की."

"लावतं," मनीषा म्हणाली. "आम्ही लावली. माया होती म्हणून लावली. दुसरं काही नव्हतं आमच्या मनात."

"ते मला पटतंय बाई," साहेब म्हणाला. "पण मायेचं मी काय करू?"

नानांनी हात जोडले आणि एकच विचारलं, "साहेब, नाव तरी ऱ्हाईल ना?"

"नाव राहील की. नाव कोण कशाला काढतंय?"

बाहेर व्हरांड्यात कुंदन उभा होता. त्यानं पुढं येऊन नानांचा हात धरला. "नाना, मी शब्द देतो. मावशीचं नाव तसंच ठेवीन." मनीषाला त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, याचा तिला आजही राग येतो. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की कुंदननं आपला शब्द पाळला.

सिंहस्थाच्या आधी रस्ता उरकला. जांभूळ एका सकाळी पडलं. गुलाबाची बाजू पूर्ण गेली, झेंडूची थोडी उरली. ओट्यावरची तुळस नानांनी स्वतः मुळासकट काढून तेलाच्या डब्यात लावली आणि अंगणात आणली. ओटा फोडताना ते भिंतीकडं तोंड करून बसले होते. पण रोलरचा आवाज भिंतीतूनही यायचा. घरातली भांडी थरथरायची, आणि तो आवाज वळणापाशी आला की मनीषा ताटावरून उठायची, कारण तिथं तो फार वेळ, पुढं मागं, पुढं मागं फिरत राहायचा.

नंतर काही दिवस नाना संध्याकाळी डांबराच्या कडेला जाऊन उभे राहत. नेमकी जागा त्यांना ठाऊक होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवायच्या, कुणी काच खाली करून "बाबा, बाजूला व्हा" म्हणायचं. नाना भाव सांगायचा प्रयत्न करायचे. एके दिवशी ते गेलेच नाहीत. मनीषानं सवयीनं चहा ठेवला होता, तो घेऊन ती त्यांच्याजवळ गेली.

"आज गेला नाहीत?"

"नाय. गाड्यांच्या आवाजात तिला ऐकू येत नाय," नाना म्हणाले. चहा त्यांनी तसाच निवू दिला.

पुढच्या जूनमध्ये शाळा सुरू झाली. सातवीला दिशा नावाची नवी मुलगी आली होती, चुणचुणीत, दोन वेण्या, नवं कोरं दप्तर. मनीषानं नेहमीप्रमाणे नियम शिकवला. मोठा आर, लहान आर. फक्त ते मानाचं वाक्य तिनं आता सोडून दिलं होतं. मग तिनं विचारलं, "आपण कुठं राहतो त्यावर कोण दोन वाक्यं लिहील?"

दिशानं हात वर केला. फळ्यापाशी येऊन, टाचा उंचावून, सुवाच्य अक्षरात तिनं लिहिलं: आय लिव्ह ऑन अंबूबाई रोड. द रोड इज न्यू.

मनीषा हातातला खडू विसरून फळ्याकडं बघत राहिली. पहिल्या वाक्यातला आर मोठा होता. दुसऱ्यातला लहान. ए मोठा होता. पूर्णविराम जागच्या जागी होते.

"मॅडम, बरोबर आहे ना?" दिशानं विचारलं.

मनीषानं दोन्ही वाक्यं पुन्हा वाचली. मग आणखी एकदा वाचली. आयुष्यभर लोकांच्या पाट्यांतल्या चुका काढल्या होत्या तिनं, आणि आज या दुसऱ्या वाक्यात एक तरी चूक सापडावी म्हणून ती जिवाच्या आकांतानं शोधत होती. वर्ग वाट बघत बसला होता.

"बरोबर आहे," ती शेवटी म्हणाली. "बस जागेवर."